पाण्यापासून किती फूट, आणि ते मोजणार कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

किनारा नियमन क्षेत्राविषयी, म्हणजे बोलीतल्या ‘सीआरझेड’विषयी, आपल्या दैनिकात वाचकांची जी पत्रे येत आहेत ती मी इंटरनेटवर नियमाने वाचतो. जवळपास प्रत्येक पत्रात वाद अंतराचा आहे. कोणाला भरतीरेषेपासूनची २०० मीटरची बांधकामबंदी जाचक वाटते, तर कोणाला ती ५० मीटरवर आणणे ही किनाऱ्याची विक्री वाटते. हे अंतर कोण मोजतो, कोणासमोर मोजतो आणि मोजल्यावर दिलेल्या निर्णयाची कारणे कुठे लिहून ठेवतो, याविषयी मात्र फारसे कोणी लिहिलेले दिसले नाही. या दुसऱ्या प्रश्नाशी माझा गेली काही वर्षे जवळून संबंध आला आहे. त्यामुळे पत्र थोडे लांबले तरी छापावे, ही विनंती.

मी मूळचा सिंधुदुर्ग जिल्ह्यातला. आमचे घर खाडीच्या काठी, माडाच्या बागेत आहे आणि तिथे आता चुलतभाऊ राहतो. मी स्वतः बरीच वर्षे अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन नावाच्या राज्यात, तळ्याकाठच्या एका लहान गावात राहतो. या राज्यात हजारो तळी आहेत आणि कोकणासारखाच खाड्या-बेटांनी फाटलेला, मासेमारीवर जगणारा समुद्रकिनारा आहे. आपली पहिली सीआरझेड अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. मेनमध्ये काठावरच्या जमिनीच्या वापराचा कायदा १९७१ मध्येच झाला. दहा एकरांहून मोठे नैसर्गिक तळे, ठरावीक आकाराची नदी किंवा भरतीचे पाणी पोहोचणारी दलदल यांच्या काठापासून २५० फुटांच्या आत, आणि लहान ओढ्यांच्या बाबतीत ७५ फुटांच्या आत, जे काही बांधायचे, तोडायचे किंवा भरायचे असेल त्याला गावाच्या नियमावलीप्रमाणे परवानगी लागते. नियमांची किमान पातळी राज्य ठरवून देते. गावाला त्याहून कडक नियम करता येतात, सैल करता येत नाहीत, आणि गावाने केलेली नियमावली राज्याच्या पर्यावरण विभागाने मान्य केल्याशिवाय लागू होत नाही.

अंमलबजावणी मात्र गावाकडे असते. गावातले पाच-सात रहिवासी मिळून नियोजन मंडळ बनते. आमच्या मंडळावर एक निवृत्त शिक्षिका, एक सुतार, एक जण बोटी दुरुस्त करणारा आणि दोघे नोकरदार आहेत. मानधन नाममात्र. महिन्यातून दोनदा, संध्याकाळी सात वाजता, ग्रामसभागृहातल्या लोखंडी खुर्च्यांवर ही बैठक भरते आणि गावातल्या कोणालाही तिथे जाऊन बसता येते. मी पहिल्यांदा गेलो तो निव्वळ कुतूहलापोटी. पुढे शेजारच्या जागेचा अर्ज आला आणि लगतचा मालक म्हणून मला टपालाने नोटीस आली, तेव्हा मी कर्तव्य म्हणून गेलो.

अर्ज साधा होता. तळ्याकाठी पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे उन्हाळी लाकडी घर होते (अशा घराला इथले लोक ‘कॅम्प’ म्हणतात, मग ते चार खोल्यांचे का असेना). ते पाडून मालकाला बारमाही राहण्याजोगे घर बांधायचे होते. मोठ्या तळ्यापासून नवे बांधकाम १०० फूट मागे हवे, हा नियम. नकाशावर १०० फूट भरत होते. तरीही मंडळाने निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आणि जागेवर जाऊन पाहण्याचा दिवस जाहीर केला. ती पाहणीही बैठकच मानली जाते, म्हणून तिचीही सूचना फलकावर लागली आणि आम्ही शेजारी तिथे हजर राहू शकलो.

एप्रिलचा महिना होता, सावलीत अजून बर्फ होता. सुताराने टेप धरली, शिक्षिकाबाईंनी दुसरे टोक घेतले आणि पहिला प्रश्न उभा राहिला की पाण्याची रेषा धरायची कोणती? त्या दिवशी तळे ज्या पातळीला होते ती नव्हे. नियमावलीप्रमाणे नेहमीच्या उच्च पाण्याची रेषा म्हणजे जिथे माती आणि झाडोरा बदलतो, जिथे पाणवनस्पती संपून जमिनीवरच्या वनस्पती सुरू होतात, ती रेषा. दोन्ही बाजूंनी वाकून, पाने बाजूला सारून ती शोधली गेली. नकाशा काढणाऱ्याने धरलेल्या रेषेपेक्षा ती चार-पाच फूट वर निघाली. तिथून मोजल्यावर घर बसत होते, पण घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याचा कोपरा ९६ फुटांवर येत होता. मालकाचा वकील हसून म्हणाला, “प्रश्न चार फुटांचा आहे.” त्यावर सुताराने शांतपणे उत्तर दिले की चार फूट ओटा कापायला त्याला अर्धा दिवस लागतो, तळ्याला मागे सरकायला जास्त वेळ लागेल. ओटा कापला गेला. अर्ज नियमात बसतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते, मंडळावर नव्हे. त्यामुळे वाद वाढला नाही.

मग झाडांची मोजणी झाली, आणि या पद्धतीचे मला सर्वांत जास्त अप्रूप वाटते. तळ्यालगतच्या १०० फुटांच्या पट्ट्यात सरसकट तोड करता येत नाही. २५ फूट रुंद आणि ५० फूट लांब चौकट आखतात आणि तिच्यातल्या झाडांना जमिनीपासून साडेचार फुटांवरच्या खोडाच्या जाडीप्रमाणे गुण देतात. दोन ते चार इंच जाडीच्या झाडाला एक, चार ते आठ इंचांना दोन, आठ ते बारा इंचांना चार आणि त्याहून जाड झाडाला आठ. झाड तोडल्यानंतरही त्या चौकटीत २४ गुण शिल्लक राहिले पाहिजेत. तीन फुटांखालची झुडपे आणि जमिनीवरचा पालापाचोळा हलवायचा नाही. पाण्याकडे जाणारी पायवाट सहा फुटांपेक्षा रुंद नको, आणि ती अशी वळती हवी की घरातून पाण्यापर्यंत सरळ बोगद्यासारखी नजर जाऊ नये. झाडाच्या खालच्या एक तृतीयांश भागातल्या फांद्या मात्र छाटता येतात, म्हणजे बसल्या जागी पाणी दिसते आणि झाडही राहते. ही आकडेमोड म्हणजे शासकीय हौस नव्हे. पावसाच्या पाण्याबरोबर माती वाहून तळ्यात जाते, मातीला चिकटलेला फॉस्फरस पाण्यात उतरतो, त्यावर शेवाळ फोफावते आणि स्वच्छ तळे उन्हाळ्यात हिरव्या काढ्यासारखे होते. पालापाचोळा आणि मुळे ते पाणी अडवतात. आपल्याकडे पुळणीवरचा केवडा आणि सुरूचे बन तोडल्यावर पहिल्याच पावसाळ्यात बांध का ढासळतो, हे किनाऱ्यावरच्या कोणालाही सांगावे लागत नाही. फक्त त्याचे गुण कोणी मांडलेले नाहीत.

या सगळ्या काळात मंडळाचे अध्यक्ष मला एका शनिवारी गावच्या कचरा डेपोवर भेटले. इथे घंटागाडी येत नाही, प्रत्येकाने आपापला कचरा स्वतः नेऊन टाकायचा असतो, त्यामुळे अर्धा गाव तिथेच भेटतो. मी सहज शेजारच्या अर्जाचा विषय काढला. ते म्हणाले, “त्याविषयी बुधवारी, सगळ्यांसमोर,” आणि यंदा तळ्यावरचा बर्फ लवकर गेला, या विषयावर आले. मला तेव्हा थोडे अपमानास्पद वाटले. नंतर कळले की प्रलंबित अर्जावर बैठकीबाहेर कोणत्याही बाजूशी बोलायचे नाही हा मंडळाचा दंडक आहे, आणि ज्या सभासदाचा अर्जाशी आर्थिक संबंध असेल त्याने त्या विषयापुरते खुर्चीवरून उठून प्रेक्षकांत जाऊन बसायचे असते. बोटीवाल्या सभासदाला मी असे उठून बसताना दोनदा पाहिले आहे.

शेवटी मंडळाने मंजुरी दिली, पण ‘मंजूर’ असा शिक्का मारून नव्हे. पाणी दूषित होणार नाही, धूप होणार नाही, सांडपाण्याची सोय पुरेशी आहे, माशांच्या अंडी घालण्याच्या जागांना आणि पक्ष्यांच्या वस्तीला बाधा नाही, काठावरची झाडी आणि पाण्याकडे जाण्याच्या वाटा राखल्या जातात, पुराचा धोका वाढत नाही, या प्रत्येक मुद्द्यावर एकेक करून मतदान झाले आणि प्रत्येक मुद्द्याखाली आपण काय पाहिले आणि त्यावरून काय ठरवले, ते लिहिले गेले. काम सुरू होण्यापूर्वीची आणि पूर्ण झाल्यावर वीस दिवसांच्या आत काठाच्या झाडीची छायाचित्रे मालकाने गावाला द्यायची असतात, म्हणजे पुढे झाड गायब झाले तर ते तिथे होते की नव्हते यावर भांडण नको. निर्णय पटला नाही तर अपील मंडळाकडे आणि तिथून ४५ दिवसांच्या आत न्यायालयात जाता येते, आणि न्यायालयापुढे जातो तो हाच लेखी कागद. कारणे लिहिलेली नसतील तर प्रकरण पुन्हा मंडळाकडे परत येते, याची मंडळाला पुरती जाणीव असते.

यावरून इथे सगळे आदर्श आहे, असे कोणी समजू नये. याच राज्यातल्या कॅम्डेन या बंदरगावात काही वर्षांपूर्वी एका श्रीमंत जोडप्याने आपल्या घरातून समुद्र नीट दिसावा म्हणून शेजारच्या मालकीच्या झाडांना टेब्युथायुरॉन हे तणनाशक घातले. झाडे मेली, देखावा खुला झाला आणि ते रसायन मातीतून खाली झिरपून गावाच्या उद्यानापर्यंत आणि किनाऱ्यापर्यंत पोहोचले. शेजाऱ्याला १५ लाख डॉलरहून अधिक रकमेची तडजोड मिळाली, गावाला १ लाख ८० हजार डॉलर मिळाले. राज्याच्या कीटकनाशक मंडळाच्या वाट्याला आले अवघे ४,५०० डॉलर. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी दंड म्हणजे देखाव्याची किंमत ठरते, हे त्या प्रकरणात उघडे पडले. शिवाय नाममात्र मानधनावर इतके किचकट काम करायला माणसे मिळत नाहीत. आमच्या मंडळावरची एक जागा दीड वर्ष रिकामी होती. कायद्याच्या आधीपासून काठावर असलेली जुनी घरे तशीच राहतात आणि मर्यादेत वाढवताही येतात, त्यामुळे ज्याच्या आजोबांनी पाण्याला खेटून घर बांधले तो सुखी, आणि आज जमीन घेणारा मागे. हा अन्याय नाही असे मी म्हणणार नाही.

पण एका बाबतीत मेनचा नियम आपल्या नियमापेक्षा मला शहाणा वाटतो. ज्या कामाला पाण्याशेजारी असण्यावाचून गत्यंतर नाही, त्या कामाला ते वेगळे काढतात. मासेमारीचा धक्का, बोटी ओढण्याची जागा, शेवंडाचे पिंजरे ठेवण्याचे आवार यांना मागे सरकण्याचे अंतर लागू नाही. बंदरांमध्ये मासेमारी आणि नौकानयनासाठी स्वतंत्र पट्टा आखता येतो आणि त्या पट्ट्यात राहण्याचे नवे घर बांधता येत नाही, कारण घराला समुद्र दिसला तर बरे वाटते, पण समुद्रावाचून त्याचे अडत नाही. पोर्टलँड या त्यांच्या सर्वांत मोठ्या शहरात १९८७ मध्ये धक्क्यांवर सदनिका उभ्या राहू लागल्या, तेव्हा नागरिकांनी सार्वमत घेऊन काही वर्षांसाठी ते थांबवले. जानेवारी २०२४ मध्ये १० आणि १३ तारखेला लागोपाठ आलेल्या वादळांत याच राज्यातले अनेक धक्के वाहून गेले, आणि १३ तारखेला पोर्टलँडच्या बंदरात आजवरच्या नोंदींतले सर्वांत उंच पाणी नोंदले गेले. त्यानंतर ते धक्के पुन्हा उभारायचे की नाही, यावर फारशी चर्चाच झाली नाही, कारण ती जागा कोणासाठी आहे हे आधीच ठरलेले होते.

आता आपल्याकडे येतो. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकवस्ती असलेल्या भागात बांधकामबंदीचा पट्टा ५० मीटरचा झाला, उरलेल्या भागात तो २०० मीटर राहिला. खाडीच्या काठी नियमनाची हद्दच ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल ते, अशी ठरली. पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयींना, म्हणजे शॅक, प्रसाधनगृहे वगैरेंना, भरतीरेषेपासून अवघ्या १० मीटरवर येता येते. आणि ३०० चौरस मीटरपर्यंतच्या राहत्या घराला राज्याच्या सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस न घेता स्थानिक संस्थाच मंजुरी देऊ शकते. वादाचा सगळा धुरळा पहिल्या आकड्यांवर उडाला. माझ्या मते, लहान गावांसाठी सर्वांत मोठा बदल या शेवटच्या वाक्यात आहे. मुंबईला खेटे न घालता गावातच निर्णय व्हावा, याला माझा मुळीच विरोध नाही; उलट मी तेच आयुष्य रोज पाहतो. पण आपण अधिकार खाली दिला आणि तो वापरण्याची रीत दिली नाही. नगरपंचायतीने अशा घराला परवानगी देताना भरतीरेषा जागेवर कोणी दाखवली, लगतच्या मालकांना कळवले का, सभेत चर्चा झाली का, कारणे लिहिली का, हे विचारायला कागदच नसतो. त्यात अनेक नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचा कारभार मध्यंतरी वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती होता, तेव्हा तर सभागृहच नव्हते.

रीतच नसेल तर काय होते, ते केरळमधल्या मराडूने दाखवले आहे. तिथल्या पंचायतीने २००६ मध्ये राज्याच्या किनारा प्राधिकरणाला न विचारता खाडीकाठी बहुमजली इमारतींना परवाने दिले. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी त्या पाडण्याचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी चार संकुले सुरुंग लावून पाडण्यात आली. सदनिकाधारकांना प्रत्येकी २५ लाख रुपये अंतरिम भरपाई देण्याचे ठरले. परवाना देणाऱ्याने त्या दिवशी चार माणसांसमोर टेप लावली असती आणि तोंडी कबुलीऐवजी कारण लिहिले असते, तर त्या इमारती बहुधा उभ्याच राहिल्या नसत्या.

आमच्या गावचा अनुभव सांगतो. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या, तेव्हा चुलतभाऊ नकाशा पाहायला दोन वेळा एस.टी.ने गेला आणि हात हलवत परत आला. फोनवर म्हणाला, “दादानू, नकाशो इंग्रजीत आसा, आणि आपलो सर्वे नंबर खंय आसा तोच माका गावाक नाय.” तो बारावी झालेला आहे, सातबारा आणि फाळणीचा नकाशा रोज हाताळणारा आहे. त्याला जो नकाशा वाचता येत नाही, त्यावर गावाने हरकत घ्यायची कशी? शहर विकास आराखड्याचीही हीच गत. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींना ३० दिवस मिळतात. नियोजन समिती सुनावणी घेते हेही खरे. पण हरकत फेटाळली गेल्याचे आणि का फेटाळली ते, हरकतदाराला बहुधा अंतिम नकाशात आपल्या जमिनीचा रंग पाहूनच कळते.

अंतर ५० मीटर हवे की २०० हे शास्त्रज्ञांनी आणि संसदेने ठरवावे. त्या वादात मला उतरायचे नाही. माझी मागणी एवढीच आहे की स्थानिक संस्थेने किनाऱ्यावरच्या कोणत्याही घराला मंजुरी देण्यापूर्वी भरतीरेषेपासूनचे अंतर अर्जदार आणि लगतचे मालक यांच्यासमोर प्रत्यक्ष जागेवर मोजावे, त्याचा पंचनामा मराठीत करावा आणि मंजुरी किंवा नकाराची कारणे मुद्देनिहाय लिहून सभेच्या इतिवृत्तात चिकटवावीत. यासाठी नवा कायदा लागत नाही. तलाठी आहे, मोजणी कार्यालय आहे, सभागृह आहे. आणि रापण ओढायची, होड्या लावायची, मासे सुकवायची जागा प्रत्येक गावाने आधी नकाशावर आखून घ्यावी, कारण तात्पुरता शॅक १० मीटरवर येतो तेव्हा सगळ्यात आधी वाळूवरची सुकी मासळी हलवावी लागते.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. जिल्ह्यातल्या कोणत्याही किनारा आराखड्याची किंवा विकास आराखड्याची जाहीर सूचना निघाली की तिची शेवटची तारीख, नकाशा पाहण्याची जागा आणि त्यात येणाऱ्या गावांचे सर्वे नंबर आपण तालुक्याच्या पानावर, जाहिरातीच्या बारीक टाइपात नव्हे तर बातमीच्या टाइपात, सलग दोन दिवस छापावेत. चुलतभाऊ आपला अंक रोज सकाळी पोस्टासमोरच्या टपरीवर वाचतो. शेवटची तारीख टळून गेल्यावर ती त्याला माझ्याकडून कळू नये.

आपला,
एक वाचक
मेन, अमेरिका (मूळ गाव : जि. सिंधुदुर्ग)